गंजिफ्यांतील बळिराजा

मराठी भाषेनें शेतकऱ्याला ‘बळिराजा’ ही पदवी दिली आहे. इतर कोणत्याहि धंदेवाल्याच्या वांट्याला राजेपण आलेलें नाहीं. हा राजा पत्त्यांच्या डावांत कोठें बसतो, हें शोधण्याचा आमचा उद्योग वाचकांस प्रथमदर्शनीं पोरकट वाटेल. अलीकडे प्राचीन काळची शेती हाच विषय घेऊन पेरणी, कापणी व विक्री हीं सारीं अर्ध्या तासांत उरकणारे घरगुती पत्त्यांचे खेळ परदेशांत निघाले आहेत. ते पाहून आपल्या जुन्या पानांत नांगर कोठें आहे, हा प्रश्न मनांत येणें साहजिक आहे. आणि शेतें जेथें डोळ्यांदेखत नाहींशीं होत आहेत, त्या अंबरनाथ-बदलापुराकडील उल्हास-खोऱ्यांत हा प्रश्न नुसता करमणुकीचा राहत नाहीं.

आपल्याकडील जुना खेळ म्हणजे गंजिफा. त्याचा हिंदुस्थानांतील सर्वांत जुना विश्वसनीय उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रांत सांपडतो. १५२७ मध्यें त्यानें सिंधमधील ठठ्ठ्याच्या शाह हसन याजकडे, त्याच्याच मागणीवरून, गंजिफा पाठविला. (त्याच सिंध प्रांतांतून १९४७ नंतर आलेल्या निर्वासितांनीं कल्याणच्या ओसाड लष्करी छावणींत संसार थाटले, आणि १९४९ मध्यें त्या वस्तीचें नांव उल्हासनगर झालें. इतिहासाला असे फेरे घेण्याची हौस आहे.) पुढें अबुल फजलनें ‘आइने अकबरी’त बारा रंगांच्या गंजिफ्याचें सविस्तर वर्णन केलें आहे. त्यांत अश्वपति आहे, गजपति आहे, गडपति, धनपति, नौकांचा स्वामी, फार काय सर्पांचाहि स्वामी आहे. क्षेत्रपति मात्र नाहीं! ज्याच्या धान्यावर हे हत्ती-घोडे पोसले जात, त्याला एकशें चव्वेचाळीस पानांत एकहि पान मिळालें नाहीं. दरबारी खेळाकडून याहून अधिक अपेक्षा करणेंहि व्यर्थच.

परंतु सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा पाहतांच आशा वाटूं लागते. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगांत राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा, मिळून एकशें वीस पानें. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनें चिकटवून, वर रंग व लाख चढवून चितारी हीं वाटोळीं पानें तयार करीत. तिघांनीं चाळीस चाळीस पानें घेऊन बसावें. दिवसा रामाच्या राजानें डाव उघडावा, रात्रीं कृष्णाच्या. अर्ध्या रंगांत दश्शी वरचढ, अर्ध्यांत एक्का. त्यामुळें उतरलेलें प्रत्येक पान ध्यानांत ठेवणाऱ्याचाच येथें निभाव लागतो.

आतां या रंगांकडे शेतकऱ्याच्या दृष्टीनें पाहूं. वराहानें पृथ्वी पाण्यांतून वर काढली. परशुरामाचें चिन्ह परशु. आणि कोंकणांतील शेतीचें पहिलें हत्यार नांगर नसून कुऱ्हाडच होय. फांद्या तोडाव्या, पालापाचोळा व शेण वाफ्यावर पसरून जाळावें, त्या राबावर भात पेरून पावसांत आवणी करावी, ही ठाणें जिल्ह्यांतील पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. कांहीं संचांत बलराम येतो व त्याच्याबरोबर नांगरहि येतो. पण आमचें लक्ष वेधून घेतलें तें वामनाच्या कमंडलूनें.

कमंडलू हें भिक्षूचें पात्र, एवढेंच समजून आपण पुढें जातों. परंतु वामनानें बळीकडे मागितली ती भूमि, आणि भूमीचें दान हातावर उदक सोडल्यावांचून पुरें होत नाहीं. म्हणूनच कथेंतला शुक्राचार्य पात्राच्या तोटींत जाऊन बसतो. हा नुसता पुराणांतला विधि नव्हे. उत्तर कोंकणच्या शिलाहारांचे ताम्रपट पाहावे. तेथेंहि असेंच उदक सोडून जमीन दिलेली आहे. छित्तराजाच्या शके ९४८ (इ. स. १०२६) मधील भांडुप येथील ताम्रपटानें षट्‌षष्टि म्हणजे साष्टी विषयांतील नौर गांवचें एक शेत ब्राह्मणाला दान दिलें आहे. त्याच छित्तराजाचा भाऊ मुम्मुणि, त्याच्या कारकीर्दींतला शके ९८२ (इ. स. १०६०) चा शिलालेख वालधुनीच्या कांठच्या अंबरनाथ मंदिरांत आहे. मंदिराच्या भिंतींवरील देवता व नर्तकी पाहून रसिक जन हरखून जातात, तें योग्यच आहे. आम्हांस मात्र तेथें उभें राहिल्यावर असें वाटतें कीं, हा दगड ज्यानें घडविला व वाहिला त्याच्या पोटांत गेलेला भात याच खोऱ्यांतल्या कोणा कुणब्याच्या किंवा आगऱ्याच्या पूर्वजानें लावला असेल.

त्याचें नांव मात्र कोठेंहि नाहीं. ताम्रपटांत राजा असतो, त्याचे प्रधान नांवांनिशीं असतात, दान घेणारा गोत्रासह असतो. शेत कसणारा मोजलाहि जात नाहीं. गंजिफ्याची रचना याहून वेगळी ती काय? राजा आणि प्रधान यांना चेहरे आहेत. बाकीचीं दहा पानें म्हणजे निव्वळ संख्या. आणि वामनाच्या रंगांत एकापासून दहापर्यंत कमंडलू मोजतांना, त्या पाण्याबरोबर ज्याची भूमि गेली त्या बळीच्या नांवाचा स्वतंत्र रंग नाहीं, हें कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं. महात्मा फुल्यांनीं १८७३ मध्यें ‘गुलामगिरी’ लिहून वामनाची बाजू उलटून मांडली आणि बळीला प्रजेचा राजा म्हणून उभें केलें. त्यांच्या इतिहासाशीं कोणीं सहमत व्हावें न व्हावें. पण बायाबापड्यांनीं हा निकाल त्याआधींच दिला होता. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला ओवाळतांना त्या राज्य मागतात तें बळीचें. वामनाचें मागितल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

मग विलायती पानें आलीं, आणि गंजिफा मागें पडला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सावंतवाडीच्या शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले या दंपतीनें ही कला हातीं धरली म्हणून ती जगली. खेळणारे मात्र विरळा. बावन्न पानांतहि शेताची खूण आहे. किलवर म्हणजे मुळांत क्लोव्हर, तीन पानांची वैरण. हा रंग शेतकऱ्यांचा, असा युरोपांत एक लोकप्रिय समजहि आहे. आपल्या घरांतून मात्र मुलांच्या सर्वांत झटपट खेळाचें नांव पडलें ‘भिकार-सावकार’! एकाचीं पानें संपून तो भिकार होतो, दुसऱ्याकडे सारा जोड गोळा होऊन तो सावकार होतो. १८७५ मध्यें सुपें येथें ज्या कुणब्यांनीं सावकारांचीं कर्जखतें जाळलीं, त्यांना हा खेळ समजावून सांगावा लागला नसता. त्यांच्या दंग्यानें सरकारला १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा करावा लागला. खेळाचें नांव त्या दंग्यावरून पडलें, असें आम्हीं म्हणत नाहीं. तें सावकारी जाणणाऱ्या समाजानें ठेविलें आहे, इतकेंच.

आज सकाळच्या गाडीनें बदलापुराहून मुंबईस निघावें, तर गुडघ्यांवर पिशवी आडवी धरून तीवर पत्ते पिसणारे चाकरमाने दिसतात. अंबरनाथ व उल्हासनगर मागें पडेपर्यंत एक डाव पुरा होतो. रुळांच्या दोन्ही बाजूंस चाळी, कारखाने, नव्या इमारतींच्या रांगा; मधूनच भाताचें एखादें खाचर. कोणी तरी किलवरची राणी टाकतो, दुसरा हुकुमानें ती मारतो, आणि पिशवीवरचीं पानें गोळा केलीं जातात.