चिक्कीचं मूळ घाटाच्या चढात

लोणावळ्याच्या चिक्कीला मुख्य जिन्नस दोनच, शेंगदाणे आणि गूळ. त्यांतला एकही लोणावळ्याचा नाही. मावळ हा भाताचा मुलूख. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि अशा दमट हवेत उघडी राहिलेली चिक्की बघता बघता चिवट होते. पीक नाही, हवा नाही, तरी चिक्की म्हटलं की लोणावळाच. असं का झालं?

माझं उत्तर एका आकड्यात आहे : ३७ फुटांना एक फूट. लोणावळ्याखालच्या बोरघाटातल्या रेल्वेचा हा सर्वांत तीव्र चढ. पुणे-खंडाळा मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला, पण मधला घाट १८६३ पर्यंत पालखी, तट्टू नाहीतर बैलगाडीनं ओलांडावा लागे. रूळ जोडले गेले तरी इंजिनाला हा चढ एकट्यानं झेपेना. म्हणून कर्जतला गाडी थांबवून मागून रेटणारी जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लावायची आणि घाट चढल्यावर लोणावळ्याला काढायची. उतरणाऱ्या गाड्यांचे ब्रेक घाटाआधी तपासायचे. जलद गाडीलाही हा थांबा चुकत नसे. कर्जतचा बटाटेवडा आणि लोणावळ्याची चिक्की ही या सक्तीच्या थांब्यांची दोन अपत्यं आहेत. खाली गरम वडा तिथंच खायचा, वर कोरडी चिक्की घरी न्यायची.

लोणावळ्यात मात्र वेगळी कथा सांगतात. घाटात रूळ टाकणाऱ्या मजुरांना गूळ-दाण्यांची गुडदाणी विकली जाई, तिचीच पुढे चिक्की झाली आणि मगनलाल या विक्रेत्याचं नाव तिला कायमचं चिकटलं. मजूर होते हे खरं, १८६१ मध्ये चाळीस हजारांहून जास्त. गुळानं अंगात तरतरी येते हेही खरं. पण काम संपलं आणि मजूर पांगले. गिऱ्हाईक तेवढंच असतं तर गुडदाणीही त्यांच्याबरोबर गेली असती. शिवाय मजुराला मूठभर गुडदाणी पुरे. पातळ लाटलेली, सारख्या चौकोनांत कापलेली, खोक्यात भरलेली वडी प्रवाशालाच हवी असते. मजुरांनी फार तर बी दिलं, झाड वाढवलं ते प्रवाशांनी.

दुसरा दावा संक्रांतीचा, आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून तो टणक झाला का पाहायचं, गरम असतानाच लाटायचं, निवण्याआधी सुरी फिरवायची, ही सगळी हातोटी तिळाच्या वडीची. शेंगदाणा तर मुळात दक्षिण अमेरिकेतला पाहुणा, तो तिळाच्या जागी येऊन बसला. कृतीचं श्रेय मी संक्रांतीलाच देतो. पण तिळाची वडी महाराष्ट्रात घरोघरी होत होती. तिचा बारमाही धंदा याच गावात का उभा राहिला, हे संक्रांत सांगत नाही.

खरी कसोटी इगतपुरीची. थळघाटाची रेल्वे १८६५ ची, चढ तोच, बँकरही तसेच. मग तिथे चिक्कीचं एवढं नाव का नाही? माझ्या मते फरक गाडीचा नसून प्रवाशाचा आहे. इगतपुरीहून जाणारा नागपूर-अलाहाबादकडच्या लांबच्या वाटेला लागलेला. लोणावळ्याहून निघणारा माणूस हवा खाऊन मुंबईला किंवा पुण्याला घरी परतणारा, आणि घरी मुलं खाऊची वाट पाहत असतात. सक्तीचा थांबा आणि परतीची वाट, दोन्ही जुळले ते लोणावळ्यातच.

उलट बाजूनं पुरावा चिंचवडचा. मोरया गोसावींचं गाव, भाविकांचा राबता मोठा, रूळही १८५८ पासूनचे. पण सपाटीवर गाडीला अडून राहायचं कारण नाही, आणि चिंचवड स्टेशनचा म्हणून एकही खाऊ नावारूपाला आला नाही. आज पिंपरी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांतली मंडळी सुट्टीच्या दिवशी मोटारी काढून लोणावळ्याला जातात. त्यांना बँकर लागत नाही, तरी परतताना चिक्कीच्या दुकानापाशी गाडी थांबतेच. हा थांबा घाटातल्या चढानं लावलेला आहे. म्हणून गुडदाणी कितीही जुनी असो, लोणावळ्याच्या चिक्कीचं जन्मसाल मी १८६३ च्या मागे नेणार नाही.