दूधराजाचे तांबूस दिवस

थंडीत बेंगळुरूच्या कनकपुरा रस्त्याकडच्या झाडीत स्वर्गीय नर्तक दिसतो. कन्नडमध्ये हा राजहक्की. तुरेदार काळे डोके, दुधासारखे अंग, शेपटीला दोन लांब फिती. मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी दूधराज तो हाच. त्याच झाडीत तांबूस अंगाचे, आखूड शेपटीचे पक्षीही असतात, आणि क्वचित फिती असलेला तांबूसही. ही सारी एकच जात, हे पक्षिविद्येला उशिरा उमगले.

१७५८ मध्ये लिनियसने या पक्ष्याला कॉर्वस पॅराडिसी म्हटले, म्हणजे थेट कावळ्यांत बसवले. (आजच्या वर्गीकरणातही त्याचे कुळ कावळ्यांपासून फार दूर नाही, ही गंमतच.) पुढे कित्येक दशके पांढरा आणि तांबूस या दोन जाती समजल्या जात. दोष अज्ञानापेक्षा कामाच्या रीतीचा होता. पक्षी मारायचा, कातडे सोलून कापूस भरायचा, पायाला चिठ्ठी बांधायची: ठिकाण, तारीख, आणि पोट फाडून पाहिलेले लिंग. नर की मादी ते कळे. पण हाच नर गेल्या वर्षी कोणत्या रंगाचा होता, हे कातडे कसे सांगणार? मधल्या अवस्थेतले, तांबूस पिसांत पांढरी पिसे आलेले नर पाहिल्यावर कोडे सुटू लागले. जर्डनच्या ‘बर्ड्स ऑफ इंडिया’पर्यंत (१८६२–६४) दोन्ही रंग एका जातीत आले होते.

पुरे वाढलेले पीस नखासारखे निर्जीव असते. ते विटेल, पण तांबड्याचे पांढरे होणार नाही. त्यासाठी ते झडून नवे यावे लागते. पहिल्या वर्षीचा नर मादीसारखाच तांबूस नि आखूड शेपटीचा. फिती नंतर येतात, पांढरा रंग त्याहून नंतर.

पण नुसत्या वयानेही उत्तर पुरे होत नाही. श्रीलंकेतल्या स्थानिक उपजातीचा नर कधीच पांढरा होत नाही. हिवाळ्यात भारतातून गेलेले पांढरे पाहुणे तिथे तांबूस यजमानांशेजारी दिसतात.

या इतिहासात मादीकडे कोणी फारसे पाहिले नाही, असे मला वाटते. नाव, कीर्ती, राज्यपक्ष्याचा मान, सगळे पांढऱ्या नराच्या वाट्याला. आखूड शेपटीचा तांबूस पक्षी दिसला की वहीत सरळ ‘मादी’ लिहिले जाते, आणि त्यांतले काही कोवळे नर असतात. जाणते निरीक्षक ‘मादी किंवा कोवळा नर’ लिहितात.