रस्ता, पाणी आणि उष्णता

रस्त्याचें आयुष्य चाकांपेक्षां पाण्यानें अधिक घटतें. थंड देशांत हें पाणी फटींत शिरून गोठतें, गोठतांना सुमारें 9 टक्के फुगतें आणि रस्त्यास आंतून फोडतें. शिवाय वर जमलेल्या बर्फावरून वाहनें घसरतात तीं निराळींच. पुण्यास हें भय नाहीं. वेधशाळेच्या नोंदींत येथील नीचतम तपमान 1.7 अंश सेल्सियस असून तें 17 जानेवारी 1935 रोजीं नोंदलें गेलें. मग बर्फ वितळविणाऱ्या रस्त्यांचा इतिहास पुणेकरानें कां वाचावा? कारण असें कीं, पाण्याशीं झुंजण्याकरितां उष्णता कामीं लावण्याची जी युक्ति तिकडे योजिली गेली, तिचेंच दुसरें रूप आपल्या शहरांत आढळतें.

अमेरिकेंतील ऑरेगन राज्यांत क्लॅमथ फॉल्स नांवाचें गांव आहे. तेथें जमिनीखालीं ऊन पाणी विपुल. 1948 सालीं तेथील एका रस्त्याच्या पोटांत लोखंडी नळ्या पुरून, भूगर्भाच्या उष्णतेनें तापविलेला न गोठणारा द्रव त्यांतून खेळविण्यांत आला. सुमारें अर्धें शतक ही योजना चालली. नळ्या गंजल्यावर 1998 मध्यें ती नव्यानें बांधण्यांत आली. पुलाखालून वारा वाहत असल्यामुळें पूल रस्त्याआधीं गोठतो. म्हणून स्वित्झर्लंडमध्यें डेर्लिगेन येथील पुलावर 1994 सालीं याहून चतुर प्रयोग सुरू झाला. उन्हाळ्यांत तापलेल्या पृष्ठभागाची उष्णता काढून खडकांत सांठवावयाची आणि हिवाळ्यांत तीच पुलास परत द्यावयाची, असा तो बेत होता.

आपल्याकडे रस्त्यास उष्णता एकदांच, जन्मकाळीं मिळते. स्थायी समितीचे तेव्हांचे अध्यक्ष श्रीकांत शिरोळे यांच्या पुढाकारानें मुंबईच्या रेकॉन्डो कंपनीनें 1976 सालीं जंगली महाराज रस्ता गरम मिश्रणाच्या पद्धतीनें बांधला. डांबर व खडी दीडशें अंशांच्या आसपास तापविली म्हणजे डांबर पातळ होऊन प्रत्येक खड्यास वेढतें. मिश्रण ऊन आहे तोंच रूळ फिरविला म्हणजे पोकळ्या बुजून पाण्यास वाट राहत नाहीं. कंपनीनें दहा वर्षांची हमी दिली होती. रस्ता त्या मुदतीच्या पुढेंहि कित्येक दशकें टिकला, हें पुणेकर जाणतातच.

ही पद्धत कांहीं गुप्त नव्हती. आज ती सर्वत्र रूढ आहे. तरी दर पावसाळ्यांत अन्य रस्ते उखडतात. नळ्यांची उष्णता असो वा भट्टीची, ती योग्य वेळीं योग्य जागीं पोंचावी लागते, आणि ती पोंचली कीं नाहीं याचा जाब देणारा कोणी असावा लागतो. मिश्रण वाटेंतच निवलें आणि विचारणारा कोणी नसला, तर पहिल्या वळिवांतच खडी उघडी पडते.