कागदावरचं वजन

सरकारी कचेरीत वजन ठेवल्याशिवाय कागद हलत नाही, असं गमतीने म्हणतात. आज मात्र कागदावर लिहिलेल्या वजनाबद्दल लिहावंसं वाटतंय.

१९व्या शतकात इंग्लंडमध्ये कित्येक जहाजं क्षमतेबाहेर भरून समुद्रात धाडली जायची. बुडालं तर मालकाला विमा मिळे, खलाशाचा जीव जाई. सॅम्युअल प्लिमसॉल या खासदाराने यावर रान उठवलं. १८७६ च्या कायद्याने जहाजावर भाररेषा आखणं सक्तीचं झालं, पण ती कुठे आखायची हे मालकानेच ठरवायचं! तो अधिकार काढून घ्यायला १८९० उजाडलं.

मग १९५६ मध्ये माल्कम मॅक्लीनचं 'आयडियल एक्स' ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं आणि कंटेनरचं युग आलं. आता भाररेषा एकूण भार सांगते, पण कुठल्या बंद पेटीत किती, हे कसं कळणार? जड पेट्या खाली, हलक्या वर, ही सगळी रचना कागदावरच्या आकड्यांवर उभी. आणि आकडा लिहिणार माल पाठवणारा. म्हणजे रेघ पुन्हा मालकाच्याच हातात!

१८ जानेवारी २००७ ला इंग्लिश खाडीतल्या वादळात 'एमएससी नापोली' तडकलं. २६ जण सुखरूप सुटले. मूळ दोष इंजिनरूमपाशी कमी पडलेल्या सांगाड्याचा. पण चौकशीत डेकवरच्या सुमारे ६६० कोरड्या पेट्या तोलल्या, तेव्हा १३७ पेट्यांच्या वजनात ३ टनांहून जास्त फरक निघाला. एकीत तर तब्बल २० टन! या १३७ पेट्या मिळून कागदापेक्षा ३१२ टन जड होत्या. आधीच कमकुवत जहाजाला अशी चूक कशी परवडावी?

शेवटी १ जुलै २०१६ पासून आंतरराष्ट्रीय नियम आला: भरलेली पेटी तोला, नाहीतर माल, पॅकिंग आणि रिकामी पेटी यांची वजनं मान्य पद्धतीने मिळवा. पडताळलेलं वजन नसेल तर पेटी जहाजावर चढणार नाही. आपल्या न्हावा शेव्यालाही हेच लागू.

रेघेला १४ वर्षं लागली, पेटीला ६०. मला वाटतं, खोटा आकडा लिहिणारा क्वचितच दुष्ट असतो. वर चढणारा खलाशी त्याला दिसत नाही, एवढंच. न दिसणाऱ्या माणसाची आठवण ठेवायला म्हणून कायदा लागतो.

असो. तुम्हाला काय वाटतं?