उरलेल्या गोळ्यांचा हिशेब

एचआयव्हीसह जगणारे मूल ठरलेले औषध ठरलेल्या वेळी घेते का, म्हणजेच त्याची औषधनियमितता किती, हे मोजण्याच्या पद्धती त्या विषाणूच्या शोधापेक्षाही जुन्या आहेत. मद्रासला १९५६ मध्ये सुरू झालेल्या क्षयरोग उपचार केंद्राने घरी राहणाऱ्या रुग्णांकडे अचानक जाऊन गोळ्या मोजण्याचा आणि लघवीत औषधाचा अंश शोधण्याचा पायंडा पाडला. १९६३ मध्ये बर्गमन आणि वर्नर या अमेरिकी डॉक्टरांनी पेनिसिलीनचा दहा दिवसांचा उपचार दिलेल्या ५९ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा नवव्या दिवसापर्यंत ८२ टक्के मुलांचे औषध थांबलेले असूनही बहुतेक पालक ते चालू असल्याचे सांगत होते. पालकांच्या सांगण्यावर विसंबता येत नाही, हा धडा त्यातून सर्वांनी घेतला. पालकांना खरे सांगणे अवघड का जाते, हा प्रश्न मात्र पुढची कित्येक वर्षे मागेच राहिला.

एचआयव्हीच्या बाबतीत मोजमाप अधिकच निकडीचे ठरले, कारण मात्रा वारंवार चुकल्या की रक्तातले औषध कमी पडते आणि त्या अवधीत वाढणाऱ्या विषाणूत असे बदल होऊन टिकतात, की पुढे तेच औषध त्याच्यावर चालेनासे होते. पॅटर्सन या संशोधकाने व सहकाऱ्यांनी २००० मध्ये बाटलीच्या झाकणात सूक्ष्म यंत्र बसवून, म्हणजे झाकण उघडल्याची तारीख व वेळ नोंदवून, किमान ९५ टक्के नियमितता हवी असा निष्कर्ष काढला. तो प्रौढ रुग्णांवरचा आणि त्या काळातल्या औषधांवरचा होता, तरी मुलांनाही तोच लागू झाला. दिवसातून दोन वेळा औषध असेल, तर महिन्याच्या ६० मात्रांपैकी ३ हून अधिक चुकता कामा नयेत, असा त्याचा अर्थ. झाकण उघडले तरी औषध तोंडात गेलेच असे नाही, ही त्रुटी राहिलीच.

लहान मुलांचे औषध पातळ असे आणि तिथे तर गणितच बिघडे. उरलेले औषध मोजपात्रात ओतून पाहिले, तरी किती सांडले, किती मुलाने थुंकून टाकले आणि किती उलटीतून गेले, हे त्यातून कळत नसे. रिटोनाव्हिरसारख्या कमालीच्या कडू औषधाच्या बाबतीत असे वरचेवर घडणे साहजिकच होते. मुंबईच्या सिप्ला कंपनीने मुलांच्या वजनाच्या बेताने तीन औषधांची एकत्रित गोळी तयार केली, त्यामुळे औषध देणे सोपे झाले आणि मोजणेही.

भारतात मोफत उपचार १ एप्रिल २००४ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयासह आठ सरकारी रुग्णालयांत सुरू झाले आणि मुलांसाठीचा स्वतंत्र कार्यक्रम २००६ मध्ये आला. एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधे देणाऱ्या केंद्रावर, समुपदेशक उरलेल्या गोळ्या मोजतो: रोज दोन याप्रमाणे ६० दिल्या, पालक २८ दिवसांनी आले, तर ४ उरायला हव्यात; १० उरल्या असतील, तर ५६ पैकी ५० घेतल्या गेल्या, म्हणजे सुमारे ८९ टक्के. हा हिशेब चोख असला तरी तो डबीचा आहे, मुलाचा नव्हे. आईवडील गेलेल्या मुलाला आजी औषध देत असेल, ती आजारी पडली की ते काम काकूकडे जात असेल, पाहुण्यांसमोर डबी काढायची नसेल, आजार काय आहे हे मुलाला सांगितलेलेच नसेल, तर यातले काहीही त्या आकड्यात उमटत नाही.

केनियातील एल्डोरेट येथे संशोधक रेचेल व्रीमन यांच्या गटाने नेमके हेच प्रश्न, म्हणजे औषध कोण देते, कोणापासून लपवावे लागते, मुलाला काय ठाऊक आहे, हे प्रश्नावलीत आणले आणि पालकांची उत्तरे झाकणातल्या यंत्राच्या नोंदींशी ताडून पाहिली. मोजमापाच्या या साऱ्या इतिहासात पालकाला साक्षीदार मानण्याऐवजी सोबती मानणारे हे पाऊल सर्वांत मोलाचे होय.

भारतीय कार्यक्रमात २०१८ पासून विषाणूभाराची, म्हणजे रक्ताच्या एका मिलिलिटरमधील विषाणूच्या प्रतींची, नियमित तपासणी रूढ होत गेली. हा आकडा १००० किंवा त्याहून अधिक आला, तर औषध लगेच न बदलता आधी सुमारे तीन महिने नियमिततेसाठी विशेष समुपदेशन करून तपासणी पुन्हा केली जाते. कारण औषध निकामी झाले आहे, की ते मुलापर्यंत पोहोचतच नाही, याचा उलगडा रक्ताच्या एका अहवालातून होत नाही, आणि त्यासाठी पालकाशी व कळत्या वयाच्या मुलाशी सविस्तर बोलावेच लागते.