जनरल आयझेनहॉवर यांचं आतडं

बंगळुरूच्या बनशंकरीतून बोलतोय. आज लढाई नाही, आजार आहे. रुग्ण मात्र माझ्याच पेशातला.

१९५६ साल. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जनरल आयझेनहॉवर ६५ वर्षांचे. आदल्या सप्टेंबरात हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. मे महिन्यात एक्स-रेत क्रोन्स डिसीज दिसला, म्हणजे लहान आतड्याच्या टोकाला जुनाट सूज. डॉ. क्रोन आणि सहकाऱ्यांनी हा आजार १९३२ मध्ये मांडला होता. जूनमध्ये आतडं तुंबलं. ९ तारखेला मेजर जनरल हीटन यांनी वॉल्टर रीड रुग्णालयात शस्त्रक्रिया केली. रोगट भाग कापला नाही. त्याला वळसा घालून नवी वाट काढली.

लोक विचारत होते, हा माणूस पुन्हा निवडणूक लढवणार कसा? नोव्हेंबरात ते जिंकले. डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर अफाट गर्दीपुढे बोलले. फेब्रुवारी १९६९ मध्ये आतडं पुन्हा तुंबलं, पुन्हा शस्त्रक्रिया झाली. मार्चमध्ये ते गेले, ते हृदयामुळे.

एका जनरलवरून प्रत्येकाचं भविष्य सांगता येत नाही. पण नुकतंच निदान झालेल्याने एवढं घ्यावं: आजार मुळापासून जात नाही, तरी आयुष्य थांबत नाही. १९९८ पासून तर इन्फ्लिक्सिमॅबसारखी औषधंही आली. आपल्याकडे आतड्याचा क्षयही असाच दिसतो, म्हणून निदान आधी पक्कं करा. आणि बरं वाटलं म्हणून तपासण्या सोडू नका. शांततेच्या काळातही पहारा उठवत नाहीत.