गिरणीतला वारा

1959 च्या मार्च महिन्यात कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डजवळ ड्रॅग रेसिंगची, म्हणजे सरळ पट्टीवर पाव मैल धावण्याची, मोठी शर्यत झाली. सगळ्यांचे डोळे फ्लोरिडाहून आलेल्या डॉन गार्लिट्सकडे लागले होते. 1957 च्या अखेरीस त्याने पाव मैलाच्या टोकाला ताशी 176.40 मैल वेग नोंदवून खळबळ उडवून दिली होती. त्याच्या क्रायस्लर इंजिनावर आठ कार्ब्युरेटर दाटीवाटीने बसलेले असत. जिंकला मात्र आर्ट क्रिसमन, आणि त्याच्या ‘हसलर वन’च्या इंजिनावर होता ब्लोअर. त्यानंतर लवकरच गार्लिट्सच्या इंजिनावरचे कार्ब्युरेटर उतरले आणि तिथेही ब्लोअर चढला.

त्या काळातल्या पट्टीच्या ड्रॅगस्टरचं छायाचित्र जवळून पाहा. चालक मागच्या चाकांच्याही मागे बसलेला, पुढ्यात उघडं इंजिन, इंजिनावर फासळ्या असलेली अॅल्युमिनियमची लांबट पेटी आणि पेटीच्या तोंडापासून खाली क्रँकशाफ्टपर्यंत गेलेला चार बोटं रुंदीचा दातेरी पट्टा. पेटी म्हणजे ब्लोअर, इंजिनात हवा कोंबणारं यंत्र. पट्टा तिला फिरवतो. या दोन वस्तूंची पाळंमुळं खणत गेलो आणि थक्क झालो. पेटीचं मूळ निघालं लोकरीच्या गिरणीत आणि पट्ट्याचं शिवणयंत्रात. अमेरिकेतल्या सर्वांत कर्णकर्कश खेळाचं इंजिन कापडधंद्याच्या दोन वस्तूंवर उभं आहे, हे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो आणि पुढे त्याचा पुरावा देतो.

आधी पेटी. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात कॉनर्सविल नावाचं गाव आहे. तिथे फिलँडर आणि फ्रान्सिस या रूट्स बंधूंची लोकरीची गिरणी होती, पाण्यावर चालणारी. गिरणीच्या पाणचक्कीच्या जागी काहीतरी सुधारित बसवावं म्हणून त्यांनी एक नवी रचना केली. एका बंद कवचात दोन फिरक्या, एकमेकींत गुंतून उलट दिशांनी फिरणाऱ्या. पाण्याच्या जोराने त्या फिराव्यात आणि गिरणी चालावी, असा बेत होता. पण फिरक्या लाकडाच्या. लाकूड पाण्याने फुगलं आणि त्या कवचात अडकून बसल्या. दुरुस्तीसाठी यंत्र ओतशाळेत नेलं, कोरडंच फिरवून पाहिलं, तर त्यातून असा झोत निघाला की तिथल्या मुकादमाची टोपी उडाली. तो म्हणाला, याने गिरणी चालो न चालो, माझी भट्टी झकास पेटेल. टोपीचा तपशील दंतकथेत शोभावा असा आहे, आणि मी तो दंतकथा म्हणूनच सांगतो. पण 1860 मध्ये या बंधूंना पेटंट मिळालं ते हवा फेकणाऱ्या यंत्राचं, हे मात्र पक्कं. पाण्यासाठी घडवलेलं यंत्र वाऱ्याच्या कामी आलं. भट्ट्यांना, खाणींना हवा पुरवू लागलं. 1870 मध्ये न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड बीचने ब्रॉडवेच्या पोटातून हवेच्या दाबाने डबा ढकलणारी छोटीशी भुयारी गाडी सुरू केली. तिला वारा पुरवणारं अजस्र यंत्र याच रूट्स जातीचं.

इथे हटकून एक हरकत येते. एकमेकींत गुंतलेल्या दोन फिरक्यांचा पंप केपलरने, होय, ग्रहांच्या गतीचे नियम सांगणाऱ्या योहानेस केपलरने, सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडला होता. खाणीतलं पाणी उपसायला झडपांशिवाय चालणारा पंप त्याला हवा होता. मग मूळपुरुष केपलर का नाही? कल्पना केपलरची असेल, याबद्दल माझा वाद नाही. पण कुळकथेत वस्तू हातातून हातात गेलेली दिसावी लागते. केपलरचा पंप कुठल्या गिरणीत गेला, तिथून कुठल्या भट्टीवर, याचा धागा जुळत नाही. कॉनर्सविलच्या यंत्राचा जुळतो, म्हणून मूळपुरुषाचा मान मी रूट्स बंधूंनाच देतो.

या यंत्राची खुबी नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचा सगळा वाद तिच्यावरच ठरतो. रूट्स ब्लोअर स्वतःच्या पोटात हवा दाबत नाही. रहाटगाडग्याचे पोहरे जसे पाणी उचलून पलीकडे ओततात, तशी फिरकी आणि कवच यांच्यामधल्या पोकळीत सापडलेली हवा तो एका बाजूने उचलून दुसऱ्या बाजूला टाकतो. पलीकडे जागा अपुरी पडली की दाब तिथे वाढतो. दोन्ही फिरक्या एकमेकींना स्पर्श करत नाहीत. बाहेरची दंतचक्रं त्यांना मेळात ठेवतात आणि मधली फट मिलिमीटरच्या काही अंशांची असते. पुण्या-मुंबईच्या मोठ्या गृहसंकुलांतल्या सांडपाणी प्रकल्पात टाक्यांमध्ये हवा सोडणारा जो ‘ट्विन लोब ब्लोअर’ घुमत असतो, तो याच घराण्यातला. त्याच्या झाकणाआड आठच्या आकड्याच्या आकाराच्या दोन फिरक्या एकमेकींना काटकोनात उभ्या असतात.

मोटारींत हा ब्लोअर पहिल्या महायुद्धानंतर रुळला. मर्सिडीजने वापरला, ‘ब्लोअर बेंटली’ने गाजवला. पण तिथून तो सरळ ड्रॅगस्टरवर आला असं मानणं चूक आहे. तो आला डिझेलच्या वाटेने, आणि ही वाट मला सर्वांत प्रिय आहे.

1938 मध्ये जनरल मोटर्सने ‘71’ मालिकेची टू-स्ट्रोक डिझेल इंजिनं बाजारात आणली. दर सिलिंडर 71 घन इंचांचा, आणि सहा सिलिंडरांचं ते 6-71. टू-स्ट्रोक इंजिनाला जळका धूर बाहेर काढून ताजी हवा आत घ्यायला वेगळा फेरा मिळत नाही. बाहेरून कुणीतरी हवा लोटली तरच सिलिंडर धुऊन निघतो. म्हणून प्रत्येक इंजिनाच्या कडेला रूट्स जातीचा ब्लोअर. त्याच्या फिरक्यांना तीन पाकळ्या आणि पाकळ्यांना पीळ. ताकद वाढवणं हे त्याचं काम नव्हतंच, त्याच्याविना इंजिन चालूच झालं नसतं. ही इंजिनं बसगाड्यांत गेली, ट्रकांत गेली, दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या हिगिन्स नौकांत गेली, शर्मन रणगाड्यांच्या एका प्रकारात जोडीने बसली. युद्ध संपल्यावर ब्लोअर मुबलक आणि स्वस्त झाले.

आता जरा हिशेब करू. 6-71 चा ब्लोअर एका फेऱ्यात साधारण 411 घन इंच हवा टाकतो. 392 घन इंचांचं क्रायस्लर इंजिन फोर-स्ट्रोक, म्हणजे एका फेऱ्यात स्वतःहून फार तर 196 घन इंच हवा घेणार. ब्लोअर इंजिनाच्याच वेगाने फिरवला तरी कागदावर दुपटीहून जास्त हवा कोंबली जाते. धूर धुण्यासाठी घडवलेल्या यंत्राची ही ऐपत ज्याने प्रथम हेरली त्याचं नाव बार्नी नवारो. 1940 च्या दशकाच्या अखेरीस त्याने आपल्या फोर्ड रोडस्टरच्या फ्लॅटहेड इंजिनावर तीन सिलिंडरी भावंडाचा, म्हणजे 3-71 चा ब्लोअर चढवला. पाठोपाठ टॉम बीटीने विमानाच्या इंधनटाकीपासून बनवलेल्या गाडीवर तोच मार्ग धरला. 1957 मध्ये एनएचआरए या ड्रॅग रेसिंगच्या संघटनेने आपल्या शर्यतींत नायट्रोमिथेन या जहाल इंधनावर बंदी घातली आणि ती 1963 पर्यंत टिकली. पेट्रोलवर धावणाऱ्यांना ताकद दुसरीकडून आणणं भाग होतं. ब्लोअरचं घोडं पुढे दामटण्यात या बंदीचा वाटा मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे.

ड्रॅगस्टरचं मूळ कापडधंद्यात आहे या माझ्या मताला दोन प्रतिस्पर्धी आहेत. पहिला म्हणतो की ड्रॅग रेसिंगचं सगळं तंत्र विमानांतून आलं. यात तथ्य आहे. शर्यतींना जागा मिळाली ती धावपट्ट्यांवर. सांता अॅनाची 1950 ची पट्टी विमानतळावरचीच. गाडी थांबवणारं पॅराशूटही आकाशातूनच उतरलं. आर्ट आर्फन्सने तर लढाऊ विमानाचं अॅलिसन इंजिनच गाडीत घातलं. पण ब्लोअरच्या बाबतीत हे मत टिकत नाही. अॅलिसन काय किंवा मर्लिन काय, विमानी इंजिनांचे सुपरचार्जर, म्हणजे हवा कोंबणारे ब्लोअर, अपकेंद्री जातीचे. त्यांचा दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे कमी फेऱ्यांवर तो जवळपास नसतोच. ड्रॅगची शर्यत पहिल्या काही मीटरांत ठरते. तिथे तत्काळ हवा देणारा रूट्सच हवा. तयार मिळणारे मॅककलॉकचे अपकेंद्री सुपरचार्जर ड्रॅगस्टरवर रुजले नाहीत, याचं कारण मला इथेच दिसतं.

दुसरा प्रतिस्पर्धी युरोपच्या शर्यतींकडे बोट दाखवतो. अमेरिकेत चक पॉटविनने ब्लोअर इंजिनावर न ठेवता पुढे, सरळ क्रँकशाफ्टच्या नाकावर जोडला. ‘ब्लोअर बेंटली’वर अॅम्हर्स्ट व्हिलियर्सने बसवलेला सुपरचार्जरही रेडिएटरच्या पुढे, क्रँकशाफ्टवरूनच फिरणारा. साम्य डोळ्यांत भरतं. तरीही मला हे अनुकरण वाटत नाही. दोघांना एकाच अडचणीने त्या जागी नेलं. इतकी ताकद वाहून नेईल असा पट्टाच नव्हता. नवारोने व्ही-पट्टे वापरले, पण ताण वाढला की असे पट्टे घसरतात. साखळ्या लावून पाहिल्या, त्या ताणून लांबत आणि तुटत.

उत्तर मिळालं ते दातेरी पट्ट्याने. 1940 च्या दशकात गिल्मर कंपनीच्या रिचर्ड केसने तो सिंगरच्या शिवणयंत्रासाठी विकसित केला. शिवणयंत्रात वरची सुई आणि खालची बॉबिन यांचा मेळ एका दात्यानेही चुकून चालत नाही, म्हणून पट्टा न घसरणारा हवा. साखळी का नको? माझा तर्क असा की साखळीला तेल लागतं, आणि तेलाचा एक थेंब कापडावर पडला की माल वाया. रबराच्या दातेरी पट्ट्याला तेल लागत नाही. क्रँकशाफ्ट आणि ब्लोअरलाही हाच न सुटणारा मेळ हवा होता. रुंदीला वाढवलेला गिल्मर पट्टा आला, ब्लोअर इंजिनाच्या डोक्यावर कायमचा बसला आणि पॉटविनची रचना हळूहळू मागे पडली. पुढे घरगुती मोटारींच्या इंजिनांतही असाच पट्टा टायमिंग बेल्ट म्हणून गेला. पेटीची कथा अनेक जण सांगतात, पट्ट्याला कुणी विचारत नाही, हे मला फार लागतं. त्याच्यावाचून पेटी निम्म्या ताकदीवरच राहिली असती.

एका योगायोगापासून मात्र सावध राहा. सहा गुणिले 71 म्हणजे 426, आणि 1964 मध्ये क्रायस्लरने शर्यतीसाठी काढलेलं प्रसिद्ध हेमी इंजिनही 426 घन इंचांचं. यावरून नातं जोडण्याचा मोह होतो. नातं काहीही नाही. क्रायस्लरचा आकडा शर्यतीच्या नियमांना धरून ठरला होता.

आज ड्रॅग रेसिंगच्या टॉप फ्युएल वर्गात 14-71 म्हणून ओळखले जाणारे ब्लोअर असतात. 71 घन इंचांचे चौदा सिलिंडर एका ओळीत असलेलं डिझेल इंजिन जनरल मोटर्सने कधी बनवलंच नाही. 6-71 ची पेटी लांबवत नेली तसा आकडाही लांबवत नेला, इतकंच. आता ही पेटी खास शर्यतीसाठी घडवतात. फिरकीच्या कडांना टेफ्लॉनच्या पट्ट्या लावून फट बुजवतात. इंजिनात उलटा स्फोट झाला तर पेटीचे तुकडे उडू नयेत म्हणून तिला जाड आवरणात करकचून बांधतात. नुसती ती फिरवायलाच शेकडो अश्वशक्ती खर्च होते आणि तेवढी सगळी दातेरी पट्ट्यातूनच जाते.